आयरिश फिडल, एक म्हातारे मास्तर आणि मी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आयर्लंडमध्ये लिमरिकला राहते. गेली सात वर्षं, बहुतेक शनिवारी सकाळी, गाडी काढून क्लेअर परगण्याच्या पश्चिमेकडल्या एका खेड्यात जाते आणि ऐंशी ओलांडलेल्या एका फिडलवादकाच्या स्वयंपाकघरात तास-दीड तास बसून येते. त्यांचं नाव इथे देत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. लिहिण्यापुरतं मी त्यांना मास्तर म्हणते. समोर नाही म्हणत. पहिल्या दिवशी मी ‘सर’ म्हटलं, तर ते मागे वळून दाराकडे बघायला लागले, कोण आलं म्हणून. इथे शाळकरी पोरंही त्यांना नुसत्या नावानं हाक मारतात. माझ्या तोंडाला ते वळण पडायला वर्ष गेलं.

इथली मराठी मंडळी, पुण्या-सांगलीचे नातेवाईक आणि ‘माझ्या मुलीला शिकवायचंय’ म्हणून फोन करणारे आईवडील मिळून साधारण तेच तेच विचारतात. म्हणून एकदाचं लिहून टाकलं.

फिडल आणि व्हायोलिन यांत फरक काय?

वाद्य तेच. दुकानात जाऊन ‘फिडल द्या’ म्हटलं तर व्हायोलिनच मिळेल. तारा पाश्चात्य पद्धतीनंच लावतात: जाड तारेकडून जी, डी, ए, ई. काही जण घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) वरून किंचित सपाट करून घेतात, म्हणजे गज एकाच वेळी दोन तारांवर सहज पडतो आणि खालची तार तानपुऱ्यासारखी घुमत राहते. बाकी फरक आहे तो वाजवण्यात.

मी लहानपणी मांडी घालून, सा-रे-ग-म करत व्हायोलिन शिकले आहे. त्याचा उपयोग होईल का?

होईल, आणि त्रासही होईल. मी सांगलीला शाळेत असताना सहा वर्षं शिकले होते. डी. के. दातारांच्या रेकॉर्ड ऐकत मोठी झाले, त्यामुळे व्हायोलिननं गळ्यासारखं गायचं असतं हे डोक्यात पक्कं. कान तयार होता, सूर सापडत होता. ऐकलेलं लगेच बोटांत उतरवायची सवय तर फारच कामी आली. नोटेशन वाचून पाश्चात्य शास्त्रीय शिकलेले लोक इथे येतात, तेव्हा कागद काढून घेतला की त्यांचे हात-पाय गळतात. आपलं तसं होत नाही.

त्रास दोन गोष्टींचा. पहिली मींड. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना माझं बोट आपोआप घसरायचं. मास्तर ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, छान आहे, पण यावर नाचणार कोण? आयरिश संगीतात घसरणं आहे, पण ते क्वचित, एखाद्या सुराला खालून हळूच हात लावल्यासारखं. बाकी बोट उचलायचं आणि ठेवायचं, पायरी उतरल्यासारखं. दुसरी गोष्ट बैठक. आपण वाद्याचं डोकं पायावर टेकवतो, त्यामुळे डावा हात मोकळा सरकतो. इथे खुर्चीवर बसून वाद्य खांद्यावर. पहिले तीन महिने माझी मान आणि डावा अंगठा दोन्ही दुखत होते.

जुन्या वादकांचे फोटो बघून कुणी त्यांची बैठक उचलू नये, एवढं मात्र सांगते. छातीला टेकवलेलं वाद्य आणि वाद्याच्या मानेला चिकटलेलं मनगट त्यांना आयुष्यभराच्या सवयीनं चालून जातं. मास्तरांचं मनगट तसंच आहे आणि माझं तसं झालं की ते माझ्या हातावर टिचकी मारतात.

असे शिकवणारे लोक सापडतात कुठे?

पाटी लावून बसलेले फार थोडे. सोपा रस्ता म्हणजे कोल्टस. कोल्टस केओल्टोरी एरन ही संस्था १९५१ साली सुरू झाली, तिच्या शाखा आयर्लंडभर आणि बाहेरही आहेत, आणि बहुतेक शाखांत संध्याकाळचे सामूहिक वर्ग चालतात. त्याच वर्षी मलिंगार गावात त्यांनी पहिला ‘फ्ला’, म्हणजे संगीताचा मेळा भरवला. तो आता ऑगस्टमध्ये भरतो आणि ज्या गावात भरतो तिथे त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा मिळत नाही.

माझा सल्ला मात्र क्लेअरमधल्या मिल्टाउन मॅल्बे गावचा. विली क्लॅन्सी हे तिथले मोठे पाइपवादक, म्हणजे आयरिश बॅगपाइप वाजवणारे. ते १९७३ च्या जानेवारीत गेले आणि त्याच उन्हाळ्यात त्यांच्या नावानं शाळा सुरू झाली. जुलैच्या पहिल्या शनिवारी ती उघडते, पुढचे सहा दिवस रोज सकाळी वर्ग. गावातल्या शाळा पुरत नाहीत म्हणून लोकांच्या घरांतही वर्ग भरतात. मी पहिल्या वर्षी कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, त्यांच्या नातवंडांच्या फोटोंखाली बसून शिकले. दुपारी मोकळं, आणि संध्याकाळपासून गावातल्या प्रत्येक पबमध्ये, पायरीवर, गाडीच्या डिकीपाशी वादन. तिथे ज्याचं वाजवणं मनात भरेल त्याला शेवटच्या दिवशी जाऊन विचारायचं, घरी शिकवता का? मला माझे मास्तर तसेच मिळाले. पहिल्यांदा ‘नाही’ म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, शनिवारी ये, बघू.

तासाला नेमकं काय होतं?

आधी चहा. मग हवामान. मग माझ्या आईची तब्येत, जिला ते कधी भेटलेले नाहीत. या सगळ्यात वीस मिनिटं जातात आणि सुरुवातीला मी मनातल्या मनात चुळबुळायचे, पैसे देऊन आपण गप्पा मारतोय म्हणून. पुढे लक्षात आलं की त्या गप्पांमध्येच अर्धं शिकवणं उरकलेलं असतं. आज जी ट्यून द्यायची ती त्यांनी कुणाकडून घेतली, तो माणूस कुठल्या डोंगराच्या अलीकडे राहायचा, तो हीच ट्यून कशी वेगळी वाजवायचा आणि का, हे सगळं तेव्हाच येतं.

मग ते फिडल उचलतात आणि ट्यून पूर्ण एकदा वाजवतात. मी हात मांडीवर ठेवून बसायचं, बोटं हलवायची नाहीत. दुसऱ्यांदा वाजवतात. मग तोंडानं म्हणतात, ‘डिडल-डी-आय-डल-डम’ असं काहीतरी. याला लिल्टिंग म्हणतात. तबल्याचे बोल ठाऊक असलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण गंमत अशी की या बोलांत गज कधी खाली, कधी वर, कुठे दोन सूर एका गजात, हे सगळं असतं. ते वेगळं शिकवत नाहीत.

मग पहिला तुकडा, दोन मापांचा, म्हणजे ठेक्याच्या दोन आवर्तनांचा. ते वाजवतात, मी वाजवते. चुकलं तर काही बोलत नाहीत, तोच तुकडा पुन्हा वाजवतात. मी पुन्हा. आठ-दहा वेळा. कधी कधी मला वाटतं की मी अगदी बरोबर वाजवतेय आणि तरी ते तोच तुकडा वाजवत राहतात. एकदा मी वैतागून विचारलं, काय चुकतंय? त्यांनी उत्तर न देता माझ्या गजाच्या टोकाला दोन बोटांनी धरलं आणि मला वाजवायला सांगितलं. तेव्हा कळलं की मी प्रत्येक सुराला सारखा गज देत होते, इमानदारीनं, हिशेबात. त्यांचा गज मात्र एका सुरावर लांब जायचा आणि पुढच्यावर नखभर. सूर सगळे बरोबर होते, पण ठेका मेलेला होता.

तासाच्या शेवटी ते माझ्या फोनवर ट्यून संथ लयीत एकदा आणि नेहमीच्या लयीत एकदा रेकॉर्ड करू देतात. आठवडाभर ती ऐकायची. वाजवण्यापेक्षा ऐकणं जास्त, हा त्यांचा नियम. भांडी घासताना ऐकते.

जिग, रील वगैरे ओळखायचं कसं?

हे नाचाच्या ट्यूनचे प्रकार, ठेक्यावरून ओळखायचे. इथल्या पोरांना शिकवताना जिगसाठी ‘रॅशर्स अँड सॉसेजेस’ (डुकराच्या मांसाचे काप आणि सॉसेज) असं म्हणायला लावतात. आमच्या घरी ते चालण्यासारखं नव्हतं, म्हणून मी मुलीसाठी भाजीबाजार मांडला.

‘टोमॅटो बटाटा, टोमॅटो बटाटा’ म्हणजे जिग. तीन-तीनचे दोन गट, पहिल्या अक्षरावर वजन. ‘टोमॅटो बटाटा कोथिंबीर’ म्हणजे स्लिप जिग, नऊ. ‘साबुदाणा साबुदाणा’ म्हणजे रील, चार-चार. हॉर्नपाइपही चारचीच, पण लंगडत चालणारी आणि संथ. पोल्का दोनची, आणि ती ऐकताना पाय गप्प बसत असेल तर वाजवणारा चुकतोय.

बहुतेक ट्यून दोन भागांच्या. आठ मापांचा पहिला भाग दोनदा, आठ मापांचा दुसरा दोनदा, एकूण बत्तीस, आणि पुन्हा पहिल्यापासून. आपल्या स्थायी-अंतऱ्याशी हे जवळचं आहे. आलाप नाही, ताना नाहीत. विस्तार करायचा तो या बत्तीस मापांच्या आतल्या आत, एखादा सूर बदलून, एखादा खटका हलवून.

ते खटक्यासारखं सारखं काय वाजतं?

तो रोल. आयरिश वादनाचा सगळ्यात ओळखीचा अलंकार, आणि बहुतेक सगळे तो सुरुवातीला चुकीचा शिकतात. मीही.

ए तारेवर पहिलं बोट ठेवा, बी सूर. तो वाजवा. गज न बदलता तिसरं बोट तारेवर झटक्यात टेकवून उचला. पुन्हा बी. आता पहिलं बोट क्षणभर उचला म्हणजे मोकळी तार ऐकू येईल, आणि लगेच ठेवा. पुन्हा बी. मोजले तर पाच सूर, जागा तीनची. वरच्या झटक्याला कट म्हणतात.

चूक अशी होते की आपण वरचा सूर नीट, सुरेल वाजवायला जातो. मुरकीची सवय असली की हमखास. तो सूर ऐकूच यायला नको. बोट तारेला जेमतेम शिवतं, पूर्ण दाबत नाही, आणि जो आवाज येतो तो सुरापेक्षा टिचकीसारखा असतो. मास्तरांनी मला टेबलावर बोटं आपटून दाखवलं: टक, टक. मी ते आठवडाभर ऑफिसात टेबलावर करत बसले आणि शेजारचा सहकारी उठून दुसरीकडे बसायला गेला.

गजानं करायचा ट्रेबल वेगळा. त्यात एकाच सुरावर मनगटाच्या झटक्यानं तीन बारीक फटके. तो मला अजून मनासारखा येत नाही.

नोटेशन शिकावं लागतं का?

शिकायला हरकत नाही, पण त्यातून ट्यून शिकू नका. भातखंड्यांच्या पुस्तकातली बंदिश वाचून कुणी गवई झालेला नाही, तेच इथे. कागदावर सांगाडा असतो, गजाचा श्वास नसतो.

तरी कागदाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. फ्रान्सिस ओ’नील हा कॉर्कमध्ये जन्मलेला माणूस शिकागोत पोलिस झाला आणि १९०१ ते १९०५ तिथला पोलिसप्रमुख होता. शहरातल्या आयरिश वादकांकडून त्यानं ट्यून गोळा केल्या आणि १९०३ साली १८५० ट्यूनचा संग्रह छापला. त्याला स्वतःला नोटेशन लिहिता येत नव्हतं. तो वाजवून दाखवायचा आणि त्याच आडनावाचा जेम्स ओ’नील लिहून घ्यायचा. त्याच्या पुस्तकांना आयर्लंडमध्ये पुढे ‘द बुक’ म्हणायला लागले, दुसरं कुठलं पुस्तकच नसल्यासारखं.

आणि केरीमधला पॅड्रिग ओ’कीफ. १८८७ चा जन्म. शाळामास्तर होता, १९२० साली नोकरी गेली ती गेलीच, आणि पुढची चाळीस वर्षं श्लीव लूखराच्या डोंगरपट्ट्यात पायी हिंडून घरोघर फिडल शिकवली. त्यानं स्वतःची लिपी काढली होती. नोटेशनच्या पाच रेघांमधली चार घरं म्हणजे चार तारा, आणि घरात आकडा, म्हणजे कुठलं बोट. शून्य म्हणजे मोकळी तार. शेतकऱ्याच्या पोराला दहा मिनिटांत समजेल असं. डेनिस मर्फी आणि जुलिया क्लिफर्ड ही भावंडं त्याचीच शिष्य.

हल्ली इंटरनेटवर एबीसी नावाची लिपी चालते, साध्या अक्षरांत लिहायची, आपल्या सरगमसारखी. विसरलेली ट्यून आठवायला मीही ती बघते. मास्तरांना सांगत नाही.

कुठली शैली शिकावी?

जी तुमच्या मास्तरांची असेल ती. हा प्रश्न घरी बसून सोडवायचा नसतो.

पण शैली वेगवेगळ्या आहेत हे खरं, आणि त्या घराण्यांसारख्या गावा-डोंगरांच्या नावानं ओळखतात. उत्तरेला डॉनेगॉलमध्ये बहुतेक प्रत्येक सुराला वेगळा गज, वादन टोकदार, वेगवान. तिथले मजूर हंगामाला स्कॉटलंडला जायचे, म्हणून स्कॉटिश चालीही भरपूर. जॉन डोहर्टी हा तिथला दिग्गज कल्हईवाल्या-पत्रेवाल्यांच्या घराण्यातला, आणि त्या भागात पत्र्याची फिडलही बनायची. स्लायगोत वादन चपळ, नक्षीदार. खाली केरी-कॉर्कच्या सीमेवर, ओ’कीफच्या मुलखात, पोल्का आणि स्लाइड या नाचाच्या चालींचं राज्य. क्लेअरमध्ये लय जरा सैल आणि सुरात एक उदासी. मार्टिन हेजमुळे जगाला ठाऊक झालेली पूर्व क्लेअरची शैली ती हीच. पश्चिमेकडे, आमच्या मास्तरांच्या बाजूला, नाच जास्त डोकावतो.

आता यातली खरी गोष्ट. मायकल कोलमन, जन्म १८९१, स्लायगोचा. तरुणपणी अमेरिकेला गेला आणि १९२१ ते १९३६ या काळात न्यूयॉर्कमध्ये त्यानं ७८ आरपीएमच्या तबकड्या केल्या. एका बाजूला तीनेक मिनिटं. त्या तबकड्या पार्सलनं परत आयर्लंडमधल्या खेड्यांत आल्या. ज्या घरात ग्रामोफोन असेल तिथे सगळा गाव जमायचा आणि पोरं कोलमनसारखं वाजवायचा प्रयत्न करायची. त्या पायी कित्येक ठिकाणचं स्वतःचं वळण पुसट झालं. मास्तरांच्या काकांनी त्या तबकड्या ऐकून महिनाभर फिडलला हात लावला नाही म्हणे. मग पुन्हा उचलली, आणि आपल्याच पद्धतीनं वाजवली. हे सांगताना मास्तर दर वेळी हसतात, पण मला त्यात हसण्यासारखं कधी सापडलं नाही.

यात राग आहेत का?

नाहीत. पण थाट ओळखीचे निघतील. बऱ्याच ट्यून बिलावलच्या सुरांत आहेत, बऱ्याच काफीच्या, आणि खमाजसारखा कोमल नी घेणाऱ्याही पुष्कळ. ‘हा तर अमुक राग!’ असं मी सुरुवातीला दर ट्यूनला म्हणायचे. आता म्हणत नाही, कारण सूर तेच असले तरी चलन वेगळं आणि वादी-संवादीचा पत्ता नाही.

एक जागा मात्र आपल्या कानाला लगेच सापडते. ए तारेवरचं दुसरं बोट. तिथे साधा सी आणि तीव्र सी असे दोन सूर आहेत, पण जुने वादक बोट या दोन्हींच्या मध्ये ठेवतात. पियानोवर तो सूरच नाही. शास्त्रीय शिकलेले ‘बेसूर’ म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला, कारण श्रुतीबद्दल आमच्या सांगलीच्या बाईंनी सांगितलेलं मला तिथे, अटलांटिकच्या काठावरच्या स्वयंपाकघरात कळलं.

पबमध्ये जावंच लागतं का? आम्ही पीत नाही.

मीही पीत नाही. चहा मागा, कुणी ढुंकून बघत नाही. सेशनला, म्हणजे एकत्र जमून वाजवायच्या बैठकीला, येणारे निम्मे लोक गाडी चालवत परत जाणारे असतात. मुलांना घेऊन जायचं असेल तर कायद्यानं रात्री ९ पर्यंत, मे ते सप्टेंबर १० पर्यंत, आईवडिलांबरोबर.

आणि पब ही काही या संगीताची मूळ जागा नव्हे. ते घरातलं आणि चौकातलं संगीत. लोक एखाद्याच्या स्वयंपाकघरात जमायचे, दार काढून त्यावरसुद्धा नाचायचे. नाचाचा आवाज घुमावा म्हणून काही घरांत फरशीखाली घोड्याची कवटी पुरलेली असायची. १९३५ साली सार्वजनिक नृत्यशाळांचा कायदा आला, नाचाला परवाना लागायला लागला, आणि पाद्री व पोलिस मिळून घरातल्या नाचांच्याही मागे लागले. क्लेअरचे ज्युनिअर क्रेहन हे थोर वादक त्या दिवसांबद्दल हळहळून बोलायचे. पबमधली सेशन रुळली ती बरीच नंतर.

सेशनमध्ये बसायचे नियम काय?

लिहिलेले कुठेच नाहीत आणि मोडले की कुणी सांगतही नाही, नुसती हवा बदलते. म्हणून माझ्या चुकांवरून सांगते.

मोकळी खुर्ची दिसली म्हणून बसू नका, ती कुणाची तरी असते. मी एकदा भिंतीकडच्या कोपऱ्यात बसले, आणि अर्ध्या तासानं एक ऐंशीच्या आजी फिडल घेऊन आल्या आणि माझ्यासमोर हसत उभ्या राहिल्या. बसायच्या आधी विचारा. ट्यून येत नसेल तर वाजवू नका, शोधत शोधत तर मुळीच नाही. दोन-तीन ट्यून जोडून सेट होतो, प्रत्येक साधारण तीनदा. पुढची कुठली हे ठरवायचा हक्क ज्यानं सुरू केलं त्याचा. तुम्हाला ‘तू काहीतरी सुरू कर’ म्हणतील, तेव्हा तुम्हाला सगळ्यात नीट येणारी ट्यून वाजवा, सगळ्यात अवघड नको. रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा. बोरॉन, म्हणजे तो हातात धरायचा चामडी डफ, एकच असावा, यावर सगळ्या आयर्लंडचं एकमत आहे, फक्त बोरॉन वाजवणारे सोडून.

नवख्यांसाठी बऱ्याच गावांत संथ सेशन असतात. तिथून सुरुवात करा.

वाद्य कुठलं घ्यावं? भारतातून आणू का?

ऑनलाइन मिळणारं सगळ्यात स्वस्त घेऊ नका. खुंट्या सरकतात, घोडी उंच असते आणि शिकणारा समजतो की आपलेच हात वाईट. सुरुवातीला भाड्यानं घ्या. विकत घेतलंत तर एखाद्या वाद्यकारागिराकडून घोडी आणि तारांची उंची बसवून घ्या, त्या खर्चाइतका फरक दुसऱ्या कशानं पडत नाही.

भारतातलं आणायचं तर तारा बदला, आपल्या पद्धतीनं लावलेल्या तारा इथल्या पट्टीला ताणल्या की तुटतात. आणि हीटरपासून जपा. माझं सांगलीचं व्हायोलिन पहिल्या हिवाळ्यात रेडिएटरशेजारच्या कपाटावर ठेवलं होतं. फेब्रुवारीत त्याच्या पाठीचा सांधा एका बाजूनं सुटला. कारागिरानं सरस लावून नीट केलं, आणि मला असा चेहरा दाखवला की जणू मी तान्हं मूल थंडीत ठेवलं होतं.

फी किती?

मला ठाऊक असलेले खाजगी शिक्षक तासाला साधारण ३० ते ५० युरो घेतात. कोल्टसचे सामूहिक वर्ग पुष्कळ स्वस्त. काही म्हातारे वादक पैसे घ्यायला लाजतात. अशा वेळी पाकीट टेबलावर, चहाच्या किटलीखाली ठेवायचं आणि त्याबद्दल बोलायचं नाही.

भारतात बसून शिकता येईल का?

बऱ्यापैकी. आयर्लंडमधले चांगले शिक्षक व्हिडिओवर शिकवतात. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार, म्हणजे त्यांची दुपार ती तुमची संध्याकाळ. ॲपमधलं आवाज स्वच्छ करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर ते फिडलला पंख्याची घरघर समजून गिळून टाकतं. आवाज उशिरा पोचतो, म्हणून एकत्र वाजवता येत नाही, आलटून पालटून वाजवायचं. गजाच्या टोकाला धरणारं कुणी नसतं, तेवढी उणीव राहते. वर्षातून एक आठवडा येऊन मिल्टाउनला बसलात तर ती बरीच भरून निघेल.

मुलीला परीक्षा देता येतील का? पुढे पदवी?

हो. कोल्टसच्या श्रेणीवार परीक्षा आहेत, आणि लिमरिक विद्यापीठात आयरिश पारंपरिक संगीताची पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणही आहे. पण पहिली दोन वर्षं परीक्षेचं नाव काढू नका, ही एका आईची दुसऱ्या आईला विनंती.

यायला किती वर्षं लागतात?

दोन वर्षांत संथ सेशनमध्ये बसता येतं. सात वर्षांनी मला शंभरेक ट्यून येतात, त्यातल्या वीस मास्तरांना ऐकवण्यासारख्या. त्यांना किती येतात हे त्यांनी कधी मोजलेलं नाही.

मला ते संथ, रडवणारं वाजवायचंय. आधी तेच शिकू का?

त्याला स्लो एअर म्हणतात आणि ते बहुतेक शान-नोस, म्हणजे आयरिश भाषेतल्या जुन्या गायकीच्या गाण्यांवरचं असतं. त्यात ठेका नाही, शब्द श्वास देतात. मी तिसऱ्या वर्षी हट्ट धरला. मास्तर म्हणाले, गाणं येतं का? नाही म्हटलं. मग आधी गाणं शीक. मी चार महिने त्या आयरिश ओळी पाठ करत होते, ‘ख’ आणि ‘ह’च्या मधले उच्चार घोटत, ज्यात मराठी तोंडाला इंग्रजीपेक्षा कमी कष्ट पडतात. पाठ झाल्यावर त्यांना म्हणून दाखवलं, बेसूर. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मग फिडल माझ्या हातात दिली, स्वतःची.

पहिल्यांदा कुणाकडे शिकायला जाताना काय न्यावं?

वाद्य, रोझिन (गजाला लावायची राळ), चार्ज केलेला फोन, आणि एखादी अशी ट्यून जी तुम्हाला येते, कितीही सोपी असो. वही नको. दिवाळीच्या सुमारास मी चकल्या नेते. मास्तर त्या चहात बुडवून खातात, मी काही बोलत नाही.